‘अनटाइप्ड’ : एका उपसर्गाचा इतिहास

#थ्रेड

१/८
२ जून २०२२ रोजी गूगलच्या ‘अँग्युलर’ या वेब फ्रेमवर्कची १४ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. फॉर्ममधील माहितीला ‘टाइप’ देणे हे तिचे मोठे वैशिष्ट्य होते. परंतु जुना प्रकल्प या आवृत्तीवर नेताना स्वयंचलित स्थलांतर कोडमधील ठरावीक नावांना ‘अनटाइप्ड’ हा उपसर्ग जोडत असे. टाइप आणणाऱ्या सुधारणेने ‘टाइप नाही’ असे का लिहावे?

२/८
या प्रश्नाची पार्श्वभूमी २०१४ मधील आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथील परिषदेत अँग्युलर २ चा आराखडा मांडला गेला. अँग्युलरजेएसमधील ‘कंट्रोलर’ आणि ‘स्कोप’ या रूढ संकल्पना त्यात बाद ठरल्या होत्या, आणि जुन्या कोडसाठी स्थलांतराचा सोपा मार्ग नव्हता. विकसकांत तीव्र नाराजी उमटली. तुटलेला विश्वास किती महाग पडतो, याचा धडा तेथे मिळाला.

३/८
मार्च २०१५ मध्ये अँग्युलरच्या संघाने ‘अ‍ॅटस्क्रिप्ट’ ही स्वतःची योजना मागे ठेवून मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट स्वीकारली. टाइप म्हणजे कोणत्या नावाखाली कोणत्या जातीची माहिती राहील, याची कोडमधील नोंद. वय हा अंक, नाव हा मजकूर. नोंदीशी विसंगत काही लिहिले, तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच कंपाइलर चूक दाखवतो.

४/८
सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आले. पण त्याच्या रिअ‍ॅक्टिव्ह फॉर्म्समधील मूल्यांचा टाइप ‘एनी’, म्हणजे ‘काहीही चालेल’, असाच राहिला. वापरकर्ता माहिती भरतो नेमक्या त्या ठिकाणी कंपाइलर मौन बाळगत असे. रकान्याचे नाव चुकीचे लिहिले तरी तक्रार नाही. ही उणीव दूर करावी, ही प्रकल्पाच्या सार्वजनिक नोंदवहीतील अग्रक्रमाची मागणी ठरली.

५/८
मग सरळ टाइप का लावले नाहीत? एक उदाहरण पुरेसे आहे. ‘रीसेट’ केल्यावर मजकुराचा रकाना ‘नल’, म्हणजे मूल्यशून्य, होतो. म्हणून त्याचा खरा टाइप ‘मजकूर किंवा नल’ असा होतो. ‘नल’चा विचारच न केलेला जुना कोड या नियमाखाली कंपाइल होईनासा झाला असता. आणि नल कोठे हेतुपूर्वक आहे, कोठे दुर्लक्षामुळे, हे यंत्राला ठरवता येत नाही.

६/८
२०२१ च्या अखेरीस प्रस्ताव खुल्या चर्चेसाठी मांडला गेला. साधन हाताशी होतेच : २०१८ मधील ६ व्या आवृत्तीपासून ‘एनजी अपडेट’ ही आज्ञा कोडमध्ये स्वयंचलित बदल करीत होती. नवे स्थलांतर फाइलीच्या वाक्यरचनेचा वृक्ष उभा करी, फॉर्मच्या विभागातून आयात झालेली नावे शोधी आणि ‘फॉर्मकंट्रोल’च्या जागी ‘अनटाइप्डफॉर्मकंट्रोल’ लिही. हे नवे नाव म्हणजे ‘एनी’ टाइपच्या फॉर्मकंट्रोलचेच दुसरे नाव. प्रकल्पाचे वर्तन मात्र जसेच्या तसे राहिले.

७/८
मोडी कागदाचे लिप्यंतर करणारा साक्षेपी अभ्यासक न लागलेला शब्द अंदाजाने भरत नाही. तेथे खूण ठेवतो. स्थलांतराने हेच केले. पूर्वीचे ‘एनी’ फ्रेमवर्कच्या पोटात दडलेले होते. आता प्रत्येक अपुरी जागा स्वतःच्या कोडमध्ये, नावानिशी शोधता येऊ लागली. एकेका फाइलीतील उपसर्ग काढायचा, कंपाइलरने दाखवलेल्या चुका दुरुस्त करायच्या आणि पुढे जायचे, अशी सवडीची वाट मोकळी झाली.

८/८
या तडजोडीला किंमतही आहे. उपसर्ग तसाच राहू दिला, तर आवृत्ती नवी होते, पण सुरक्षितता जुनीच राहते. यंत्राने एका दिवसात केलेले काम स्थलांतराचा केवळ पूर्वार्ध होते. कोणत्या रकान्यात काय असावे हे ठरवण्याचा उत्तरार्ध, तो प्रकल्प जाणणाऱ्या माणसांकडेच राहिला.

(समाप्त)