अनेकवचनाची साक्ष

व्याकरण शिकवताना 'अपवाद' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. नियम सांगावा, त्यात न बसणारी रूपे त्याखाली मांडावीत आणि विद्यार्थ्यांनी ती पाठ करावीत, ही आपल्याकडील रूढ रीत. परंतु अपवाद म्हणून बाजूला काढलेले रूप पुष्कळदा नियमाहून अधिक काही सांगत असते. पोर्तुगीज भाषेतील अनेकवचने हा त्याचा एक बोलका दाखला होय.

वरवर पाहता तेथील नियम सोपा आहे: नामास 'स' जोडावा. हा 'स' लॅटिनच्या द्वितीयेच्या अनेकवचनातून आलेला असून लिस्बनच्या उच्चारात तो 'श'सारखा ऐकू येतो. 'काझा' म्हणजे घर, 'काझाश' म्हणजे घरे. अडचण येते ती अनुनासिक 'आंव'ने संपणाऱ्या नामांपाशी. मांव (हात), पांव (पाव) आणि लियांव (सिंह) ही नामे एकवचनात एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. अनेकवचनात मात्र त्यांच्या तीन वाटा होतात: मांवश, पांयश आणि लियोंयश. कोणत्या नामाने कोणती वाट धरायची, हे एकवचनावरून कळत नाही.

ते कळते लॅटिनकडे वळल्यावर. तेथील अनेकवचने होती मानुस, पानेस आणि लेओनेस. मध्ययुगात पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधील 'न' लोपला आणि जाताना मागील स्वरावर आपले अनुनासिकत्व ठेवून गेला. व्यंजन गेले, तरी अनेकवचनांतील स्वरांचे वेगळेपण राहिले. एकवचनेही आरंभी निराळीच होती. पावासाठी 'पान' आणि सिंहासाठी 'लेओन' यांच्या जवळची रूपे जुन्या लेखनात आढळतात. पुढे साधारणपणे पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही सारी अंत्ये एकाच 'आंव'मध्ये मिसळली. लिस्बनमध्ये १५३६ साली फेर्नांव द ओलिव्हैरा यांचे पहिले पोर्तुगीज व्याकरण छापले गेले, तेव्हा हा बदल होऊन गेला होता. एकवचन आपले कूळ विसरले. अनेकवचनाने ते जपले. शेजारच्या स्पॅनिशमध्ये 'न' टिकल्याने मानो-मानोस, पान-पानेस, लेओन-लेओनेस असा सरळ हिशेब आजही चालतो.

ही स्मृती अभंग राहिली, असे मात्र नव्हे. बहुसंख्य नामांचे अनेकवचन 'ओंयश' असल्याने सादृश्याच्या ओढीने इतर नामेही तिकडे झुकली. विसाव्या शतकात फ्रेंचमधून आलेल्या 'आव्हियांव' (विमान) या शब्दाला लॅटिन पूर्वज नव्हता. त्याने निमूटपणे बहुमताची वाट धरली. 'आन्सियांव' (वृद्ध) या शब्दाची तर तिन्ही अनेकवचने कोशकार ग्राह्य धरतात. इतिहास आणि सादृश्य यांचा झगडा तेथे अद्याप मिटलेला नाही.

यांतील 'पांव' आपल्या ओळखीचा आहे. मराठीतील 'पाव' तोच. पण 'पांयश' मात्र आपल्याकडे आले नाही. आपण 'एक पाव, चार पाव' म्हणतो, ते 'एक दगड, चार दगड' या मराठी रीतीने. पोर्तुगीज 'बटाटा' मराठीत पुल्लिंगी होऊन 'बटाटे' झाला, तर 'चावी'च्या 'चाव्या' झाल्या. शब्द उसने घेता येतात. त्यांच्या अनेकवचनातील इतिहास सहसा मागेच राहतो.

तसा इतिहास आपल्या स्वतःच्या शब्दांत मात्र आहे. 'भिंत' आणि 'जीभ' ही दोन्ही स्त्रीलिंगी नामे व्यंजनान्त उच्चारली जातात. मग एकीचे 'भिंती' आणि दुसरीचे 'जिभा' का? पहिलीच्या मागे संस्कृत 'भित्ति' आहे, दुसरीच्या मागे 'जिह्वा'. एकवचनातील अंत्य स्वर काळाच्या ओघात गळाला, पण अनेकवचनातील ई आणि आ त्याची खूण सांगतात. 'बहिणी'मागे 'भगिनी', 'माळां'मागे 'माला'. सादृश्याने येथेही काही नामांची वाट बदलली आहे; तरीही या जोड्या पुरेशा बोलक्या आहेत.

पाठ्यपुस्तके 'भिंती' आणि 'जिभा' यांना दोन रकान्यांत बसवून थांबतात. विद्यार्थी रकाने पाठ करतो आणि व्याकरण म्हणजे मनमानी हुकूमांची यादी, असा ग्रह करून घेतो. आम्हांस हे नुकसान मोठे वाटते. विद्यार्थ्याचा 'असे का?' हा प्रश्न 'अपवाद आहे' एवढ्या उत्तराने मिटवला, तर भाषेच्या इतिहासात शिरण्याचे त्याच्यासमोर उघडलेले दार आपणच लावून घेतो.