बूट परदेशी, मीठ नदीत

तामिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही चामड्यासाठी प्रसिद्ध असलेली गावे आहेत. युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक बुटांचे चामडे इथले असते. एका देशातल्या ग्राहकाच्या मागणीमुळे दुसऱ्या देशातले पाणी कसे बदलते, हे या खोऱ्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

कातडी कमावण्याचा धंदा इथे जुनाच. पूर्वी त्यासाठी तरवडाची साल आणि हिरडा वापरत. कामाला कित्येक आठवडे लागत. इंग्रजी अमलात असे अर्धवट कमावलेले कातडे मद्रासहून जहाजाने इंग्लंडला जाई आणि पुढची प्रक्रिया तिकडे होई. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हेच चालले. तयार माल विकला तर परकी चलन अधिक मिळेल, म्हणून सरकारने १९७३ पासून अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर मर्यादा घातल्या. विचार योग्यच होता. रोजगार वाढला, निर्यात वाढली. परंतु पूर्वी परदेशात होणाऱ्या प्रक्रियांबरोबर त्यांचे सांडपाणीही इकडे आले.

या सांडपाण्यात काय असते? कातडे कुजू नये म्हणून त्याला भरपूर मीठ चोळतात. कारखान्यात ते धुतले की सारे मीठ पाण्यात उतरते. केस काढण्यासाठी चुना व सोडियम सल्फाइड, तर कमावण्यासाठी क्रोमियम सल्फेट वापरतात. एक किलो चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते. पालार वर्षातले बरेच महिने कोरडी असते. त्यामुळे सांडपाणी वाहून न जाता वाळूत मुरते आणि विहिरींत पोहोचते.

वेल्लोरच्या नागरिकांच्या संघटनेने १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची पाहणी न्यायालयापुढे आली. २८ ऑगस्ट १९९६ च्या निकालात प्रत्येक टॅनरीला १०,००० रुपये दंड झाला आणि ‘जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग ठरले.

याच काळातली दुसरी एक घटना पाहण्याजोगी आहे. जर्मनीने १९८९ साली पेंटाक्लोरोफेनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली. चामड्यात ते किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक असले तर माल तिथे विकता येईना. १९९१ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. ग्राहकाच्या अंगाला लागणारे रसायन असे दोनच वर्षांत थांबले. नदीतले मीठ मात्र बुटाबरोबर परदेशी जात नाही. त्यामुळे तिकडच्या तपासणीत ते सापडण्याचा प्रश्नच येत नाही.

हे मीठ काढणे अवघड का, याचा प्रयोग वर्गात सहज होतो. मिठाचे गढूळ पाणी कापडातून, वाळूतून, कोळशातून गाळा. माती अडकेल, पण पाण्यातले मीठ तसेच राहील. शुद्धीकरण केंद्रातही असेच घडते. क्रोमियमचा साका खाली बसवता येतो, सेंद्रिय घाण जिवाणू खातात, मीठ मात्र विरघळलेलेच राहते. त्यासाठी पाणी दाबाने पातळ पडद्यातून गाळावे लागते आणि उरलेले खारे पाणी आटवावे लागते. दोन्हीला पुष्कळ वीज लागते. शेवटी उरलेल्या मिठाचे काय करायचे, हा प्रश्न राहतोच.

३० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पहिल्या निकालानंतर २८ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला पालारच्या प्रदूषणग्रस्तांच्या भरपाईविषयी पुन्हा आदेश द्यावे लागले. बुटाच्या किमतीत चामडे, मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे सारे धरलेले असते. विहिरीत उतरलेल्या मिठाचा खर्च मात्र त्यात नसतो. तो शेतकरी भरतो. विद्यार्थ्यांना अशा एखाद्या वस्तूच्या किमतीचा पूर्ण हिशेब मांडायला सांगावा. कोणता खर्च कोणी उचलला, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.