औंढ्याची तिसरी दिशा

औंढ्याच्या नागनाथाचा नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, असे आमच्याकडे सांगतात. याच तालुक्यात आता विश्वातल्या दूरच्या घडामोडींची दिशा शोधणारी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे : लायगो-इंडिया.

'अमेरिकेने आपल्याला यंत्र दिले,' असे लोक म्हणतात. जुने कागद चाळताना मला हिशेब वेगळा दिसला. गोंगाटात बुडालेली लहर गणिताने कशी हुडकावी, यावर पुण्याच्या 'आयुका'तून संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा शोधनिबंध १९९१ सालीच आला. पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे चोवीस वर्षांनी.

गरजही दोन्हीकडची होती. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ही दोन्ही केंद्रे अमेरिकेतच. लहर कोठून आली हे नेमके सांगायला दूरचे ठिकाण हवे. तिसऱ्या यंत्राचा प्रस्ताव आधी ऑस्ट्रेलियापुढे होता. २०११ मध्ये तो बारगळला. ३१ मार्च २०१६ रोजी भारताशी सामंजस्य करार झाला. यंत्राचे मुख्य भाग त्यांचे. जागा, इमारती आणि चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या आपल्या.

मंत्रिमंडळाची २६०० कोटींची मंजुरी मात्र एप्रिल २०२३ मध्ये आली. मधल्या सात वर्षांचा उशीर मला सलतो. भागीदारीत जो मागे राहतो, त्याला जग नुसता घेणारा समजते. पुण्याचे देणे लक्षात राहायचे असेल, तर औंढ्याचे काम तडीस गेले पाहिजे.