समुद्राचा अभ्यासक राजा

श्रीमंतांची क्रीडानौका म्हटली म्हणजे मेजवान्या आणि शर्यती यांचेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु मोनॅको या चिमुकल्या संस्थानाचा अधिपति पहिला आल्बर्ट (१८४८–१९२२) यानें आपली नौका निराळ्याच कामीं लाविली. १८७३ सालीं त्यानें एक शिडाचें जहाज विकत घेऊन त्याचें नांव ‘इरोंदेल’, म्हणजे पाकोळी, असें ठेविलें. १८८५ ते १९१५ या तीस वर्षांत त्यानें समुद्रसंशोधनाच्या २८ सफरी केल्या.

पहिला प्रश्न प्रवाहांचा होता. १८८५ ते १८८८ पर्यंत त्यानें अटलांटिक महासागरांत १,६७५ बाटल्या, पिंपें व तांब्याचे गोळे सोडले. प्रत्येकांत, सांपडल्याचें स्थळ कळवावें, अशी विनंती अनेक भाषांत लिहिलेली होती. त्यांपैकीं अवघे २२७ हातीं आले. परंतु तेवढ्यावरून उत्तर अटलांटिकमधील प्रवाहांचें महाचक्र स्पष्ट झालें. पहिल्या महायुद्धानंतर भरकटलेले सुरुंग कोणत्या वाटेनें वाहत जातील, हें सांगण्यास हेंच ज्ञान उपयोगी पडलें.

पुढें त्यानें प्रयोगशाळांनीं सज्ज अशीं मोठीं जहाजें बांधविलीं. १८९५ सालीं अझोर्स बेटांजवळ भाल्यानें विद्ध झालेल्या एका देवमाशानें मरतां मरतां अजस्र माकुळांचे अवयव ओकून टाकले. त्यांत शास्त्रज्ञांस अज्ञात अशा जाति निघाल्या. १९०१ सालीं त्याच्याच जहाजावर रिशे व पोर्तिए यांनीं एका विषारी समुद्रजीवाचा अभ्यास आरंभिला. त्यांतूनच तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियेचा शोध लागला आणि रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा राजा स्वतः शिकारी होता, आणि त्याच्या संपत्तीचा मोठा झरा माँटे कार्लोच्या जुगारगृहांतून वाहत होता. तरीहि समुद्र अक्षय नाहीं, हें त्यास अनुभवानेंच उमगलें. वाफेच्या मच्छिमार जहाजांचीं जड जाळीं समुद्राचा तळ खरवडून वनस्पति व पिल्लें यांचा नाश करितात, असा इशारा त्यानें १९२१ सालीं वॉशिंग्टन येथें दिला. ज्याला समुद्राची खोली ठाऊक, त्यालाच त्याची मर्यादाहि ठाऊक असते.

त्याचें बीज वायां गेलें नाहीं. १९१० सालीं उघडलेल्या मोनॅकोच्या सागर-संग्रहालयाचे झाक् कूस्तो हे १९५७ मध्यें संचालक झाले. त्यांनीं १९६० सालीं भूमध्य समुद्रांत किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेतास कसून विरोध केला. १९९९ सालीं फ्रान्स, इटली व मोनॅको यांनीं सुमारें ८७,५०० चौरस किलोमीटर समुद्र देवमासे व डॉल्फिन यांच्या रक्षणार्थ अभयक्षेत्र म्हणून ठरविला. जेथें भाला फेंकला जाई, तेथें आतां मोजदाद होते. सागरसंचाराचें खरें सार्थक हेंच कीं, गेलेल्या नौकेमागें समुद्र पूर्वीपेक्षां दरिद्री होऊं नये.