डॉ. अरविंद जोशी : व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात भाषेचा प्रश्न मध्यवर्ती मानणाऱ्या संशोधकांत पुण्यात जन्मलेले डॉ. अरविंद जोशी (१९२९–२०१७) यांचे स्थान अग्रगण्य आहे. पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शिक्षणानंतर ते अमेरिकेत गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात १९५८-५९ मध्ये युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांचे विश्लेषण करणारी प्रणाली सिद्ध झाली. तीत जोशींचा सहभाग होता.

१९७५ मध्ये लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह त्यांनी वृक्षाधिष्ठित व्याकरण मांडले. त्यात वाक्यरचनेचे लहान वृक्ष परस्परांत गुंफले जातात. परिणामी वाक्यात दुरावलेल्या पदांचा संबंधही टिकतो. व्याकरण भाषेला पुरेल इतके समर्थ, तरीही यंत्राला मर्यादित वेळात उलगडेल इतके संयत असावे, हा त्यांचा आग्रह होता. २००२ मध्ये संगणकीय भाषाविज्ञान संघटनेचा पहिला जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला.

आजची यंत्रे प्रचंड मजकुरावरून भाषा आत्मसात करतात. त्यांना व्याकरणाचे नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत. तथापि वाक्य रचता येणे आणि भाषेची घडण उमगणे या भिन्न गोष्टी होत. दुसरीसाठी अभियंता व वैयाकरण यांना एकत्र बसावेच लागते, हे जोशींच्या कारकिर्दीचे सार होय.