एडिनबरा : सिरिंजजप्ती आणि एचआयव्हीची साथ

1980 च्या सुमारास इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे येणारे स्वस्त तपकिरी हेरॉइन, म्हणजे मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला पदार्थ, स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात पोहोचले आणि म्यूरहाउस, पिल्टन यांसारख्या बेकारीने पिचलेल्या वसाहतींतील तरुण ते शिरेत टोचून घेऊ लागले. पोलिसांची कारवाई विक्रेत्यांपुरती राहिली नाही. व्यसनी माणसांजवळ सापडलेल्या सिरिंजाही जप्त होऊ लागल्या. सिरिंज बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता, पण तिच्या नळीत उरलेला हेरॉइनचा अंश 1971 च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली पुरावा ठरू शकत असल्याने ती खिशात घेऊन फिरणे म्हणजे अटक ओढवून घेणे होते. त्यातच औषधविक्रेत्यांनीही संशयित गिऱ्हाइकांना सिरिंजा विकणे जवळजवळ थांबवले.

हेरॉइन मात्र मिळतच राहिले. टंचाई झाली ती सिरिंजांची. एखाद्या घरात दहा-बारा जणांनी जमून एकाच सिरिंजने टोचून घ्यायचे, अशी रीत पडली. सुई शिरेत शिरली आहे याची खात्री करण्यासाठी टोचणारा दट्ट्या मागे ओढून थोडे रक्त नळीत घेतो, आणि त्याचा अंश पुढच्या माणसाच्या शरीरात जातो. एचआयव्हीला यापेक्षा सोपी वाट क्वचितच मिळाली असेल.

म्यूरहाउसमधील डॉक्टर रॉय रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइन घेणाऱ्या आपल्या 164 रुग्णांची रक्ततपासणी केली, तेव्हा 51 टक्क्यांना लागण झाल्याचे आढळले. काविळीच्या तपासणीसाठी पूर्वी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून ही साथ 1983 च्या अखेरीपासून पसरली होती, हेही 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने दाखवले. तासाभराच्या अंतरावरील ग्लासगोत हेरॉइनचा प्रसार काही कमी नव्हता, तरी तेथे लागणीचे प्रमाण त्या काळी 5 टक्क्यांच्या आसपास होते. या तफावतीचे सारे खापर पोलिसांवर फोडणे न्याय्य नाही, कारण विषाणू एखाद्या शहरात केव्हा शिरतो हा योगायोगाचाही भाग असतो. मात्र शिरलेल्या विषाणूला जप्तीच्या धोरणाने मोकळे रान दिले, हे मान्य करावेच लागते.

1986 मध्येच या साथीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या मॅक्लेलंड समितीने स्वच्छ सुया पुरवण्याची आणि हेरॉइनऐवजी तोंडाने घेण्याचे पर्यायी औषध देण्याची शिफारस केली. व्यसन तत्काळ सुटत नसेल तर निदान त्यातून होणारा रोगप्रसार आणि मृत्यू टाळावेत, या भूमिकेला हानी-न्यूनीकरण म्हणतात. 1987 पासून वापरलेली सुई देऊन नवी घेण्याची केंद्रे सुरू झाली, मेथाडोन हे पर्यायी औषध मिळू लागले आणि टोचून घेणाऱ्यांची संख्या घटत गेली. ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांना या बदलाचा उपयोग उशिरा झाला; परिणामकारक संयुक्त औषधोपचार यायला 1996 उजाडले, आणि तोवर कित्येक तरुण दगावले होते.

एकदा बचावलेल्या ग्लासगोत 2015 मध्ये टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा उद्रेक झाला. त्यानंतर देखरेखीखाली टोचून घेता येईल असे केंद्र उघडण्याचा प्रस्ताव तेथे पुढे आला, पण तो कायद्यापाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. केंद्रात स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणाऱ्यांवर खटले भरणे लोकहिताचे ठरणार नाही, असे स्कॉटलंडच्या सर्वोच्च अभियोग अधिकाऱ्यांनी 2023 मध्ये स्पष्ट केल्यानंतर जानेवारी 2025 मध्ये ‘द थिसल’ हे ब्रिटनमधील पहिले अधिकृत केंद्र तेथे सुरू झाले.