बत्त्यांचा मोसम

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात पडवीच्या आढ्याला अकरा बत्त्या टांगलेल्या असत. तुळशीचं लग्न झालं की त्या खाली उतरत, आणि पुढे वैशाख संपेपर्यंत सगळ्या एकदम घरी आहेत अशी रात्र क्वचित येई. गॅसबत्त्या भाड्याने देणं हा बाबांचा धंदा. नुसती बत्ती द्यायची नाही, तिच्याबरोबर स्वतः जायचं, रात्रभर तिच्या आसपास राहायचं आणि पहाटे ती विझवून, निववून घरी आणायची. जत्रा असो, कुणाच्या खळ्यातली सत्यनारायणाची पूजा असो, डबलबारीचं भजन असो की मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं नाटक असो, उजेड आमच्या घरचा. मी त्यांची थोरली मुलगी. काचा पुसायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या किनाऱ्यावरच्या दशावतारावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातल्या आख्यानांवर, संकासुरावर, अलिखित संवादांवर. उजेडावर मात्र कुणी फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. उघड्यावर, काळोख्या रात्री, पाचशे माणसांसमोर उभं राहायचं तर आधी तोंड दिसायला हवं ना! कुठला खेळ कधी सुरू होणार, नट कुठे उभा राहणार, तोंडाला काय फासणार, हे त्या त्या काळच्या दिव्याने ठरवलं आहे. बाबांच्या मागे मागे फिरून मला जे कळलं ते एवढंच, पण ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

मोसम ठरवायचा तो पाऊस आणि समुद्र. कार्तिकात जत्रा सुरू होतात. त्या त्या देवळाची रात्र ठरलेली, पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर दशावताराचा दहीकाला, आमच्या बोलीत धयकालो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर अशा कंपन्या एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायच्या. कपडे, मुकुट, गणपतीचा मुखवटा, सगळं बांबूच्या पेटाऱ्यात आणि पेटारा डोक्यावर. त्या पेटाऱ्याची पूजा झाल्याशिवाय खेळ नाही. शिमगा संपला की देवळांच्या जत्रा ओसरत, मग चैत्र-वैशाखात वाड्यावाड्यांचे कार्यक्रम. मृगाचे ढग दिसले की पेटारे बंद. कालचा रावण आज गुडघाभर चिखलात तरवा लावताना दिसे, आणि आम्हा मुलांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

हे सगळं किती जुनं? आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळ्यांनी 1728 च्या सुमारास दशावतार कोकणात आणला असं सांगतात. ते साल पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येतं. मला ते आरंभाचं साल म्हणून पटत नाही, कारण समर्थांच्या दासबोधात दशावताऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तो चांगला जवळून पाहिलेल्या माणसाने केलेला आहे. खेळात सुंदर बायका येतात, डोळे मोडतात, पण आत सगळे दांडगे पुरुषच, असं समर्थ म्हणतात. म्हणजे सतराव्या शतकातच स्त्रीपार्ट रंगात आलेला होता. काळ्यांनी त्याची नीट घडी बसवली असेल, कंपनी बांधली असेल. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी नाटकाचा इतिहास आपण तिथून मोजतो. पण त्याच्या कितीतरी आधी इथल्या देवळांसमोर, मांडवसुद्धा नसलेल्या जागी, रात्र रात्र माणसं बसून राहत होती.

त्या काळी उजेड मशालींचा. बाबांनी लहानपणी म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं ते मला सांगत. दोन बाजूंना दोन माणसं मशाली धरून उभी. राजा बोलायला लागला की मशाल त्याच्या तोंडाजवळ न्यायची, राक्षस आला की तिकडे. तेल ओतणारा वेगळा. तो उजेड तांबडा, हलता, हातभर अंतरावरचा. संकासुराचा काळा बुरखा, त्याचे पांढरे डोळे आणि लोंबती लाल जीभ मी गॅसबत्तीत पाहिली तेव्हा हसू आलं. पण मशालीत तो कसा दिसला असेल याचा विचार केला की वाटतं, काळोखात काळं अंग दिसणारच नाही, फक्त डोळे आणि जीभ चालत येईल. हे सोंग मशालीसाठीच रचलेलं असणार. पुढे पांढरा उजेड आला आणि संकासुर भीतीचा राहिला नाही, गमतीचा झाला, असं माझं मत आहे.

तो पांढरा उजेड आला कुठून याचा शोध मी शाळेत शिकवायला लागल्यावर घेतला. 1910 च्या आसपास बर्लिनच्या माक्स ग्रेट्झने रॉकेलवर चालणारी दाबाची बत्ती बनवली, पेट्रोमॅक्स. तिच्यातलं मेंटल त्याआधीचं, कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाचं. सुती किंवा रेशमी जाळीची पिशवी थोरियमच्या क्षारात बुडवायची, थोडं सेरियम घालायचं; जाळली की कापड जातं आणि ऑक्साइडची राखेची पिशवी उरते, 99 भाग थोरियमची, एक भाग सेरियमची. ती तापली की पांढरी शुभ्र पेटते. हे थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढतात. 1909 च्या सुमारास एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं, आणि मग मनवलकुरिची आणि चवराच्या किनाऱ्यावरची वाळू जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागली. म्हणजे आपल्याच समुद्राच्या खालच्या अंगाची वाळू जर्मनीला जाऊन, मेंटल होऊन जगभर पसरली. हे वाचलं त्या दिवशी मी बाबांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही, पण सुट्टीत घरी गेले तेव्हा ते पत्र देवाच्या फळीवर ठेवलेलं होतं.

बत्ती पेटवणं हा सोहळाच असे. दुपारी मी राखेने काचा घासून ठेवायची. तिन्हीसांजेला बाबा टाकीत रॉकेल भरत, नवं मेंटल दोऱ्याने बांधत, चुण्या बोटांनी सारख्या करत. खालच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची. निळी ज्योत वर चढे, नळी तापे, मेंटल जळून काळं पडे आणि मग आक्रसून पांढरं होई. त्यानंतर हवा मारायची, हळूहळू. फुस्स, फुस्स, आणि एकदम उजेड. एकदा मेंटल जळलं की त्याला हात लावायचा नाही. “चेडवा, बोट लावू नको गो, मातयेचा ता,” बाबा दर वेळी सांगत. माती म्हणजे राख. बैलगाडीच्या धक्क्याने, एखाद्या पतंगाच्या धडकेनेसुद्धा ते फुटे. म्हणून बाबा पेटलेली बत्ती हातात घेऊन चालत तेव्हा त्यांची चाल वेगळी होई, पाण्याने भरलेली घागर नेणाऱ्या बाईसारखी. वर एकही हिसका नाही.

खेळाच्या जागी बांबू पुरून त्याला आडवी काठी आणि काठीला दोन बत्त्या. किती उंचावर टांगायची हे बाबा स्वतः ठरवत. खाली टांगली तर प्रेक्षकांच्या डोळ्यांवर झगमगते, फार वर टांगली तर मुकुटाची आणि भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नटाचं तोंड मेल्यासारखं दिसतं. मधली जागा प्रत्येक नटागणिक थोडी वेगळी. बाबा नटाच्या डोक्यापासून वितीने मोजत. “उजेड कमी झालो तर राजाचो भिकारी दिसता,” हे त्यांचं वाक्य. आणि बत्तीची हवा तर दर काही वेळाने उतरायची. मग बाबा सरळ खेळात शिरत. इकडे दोन बाजू युद्धाला उभ्या, पायपेटीवर नाईक सूर धरून बसलेला, मृदंग चढलेला, आणि बाबा बत्ती उतरवून मधोमध उकिडवे बसून हवा मारताहेत. कुणाला त्याचं काही वाटत नसे. चांगला नट तेवढं बोलणं लांबवी, बत्ती वर गेली की मगच बाण सोडी. पाठ केलेले संवाद नव्हते म्हणूनच हे जमत होतं. स्टेजवर एक लाकडी बाकडा, तोच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. त्यात बत्तीवाला माणूसही मावून जाई.

वाऱ्याचंही गणित होतं. उन्हाळ्यात दिवसभर खारा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री तो पडला की मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जायला लागतो. त्या काळी माईक नव्हता. उभादांड्याला किनाऱ्याजवळ खेळ असला तर बाबा आणि कंपनीचा नाईक आधी मूठभर वाळू सोडून वारा बघत. प्रेक्षक समुद्राच्या बाजूला बसवायचे आणि नटांची पाठ जमिनीकडे, म्हणजे शब्द वाऱ्याबरोबर पुढे जातो. खेळ अकराच्या पुढे सुरू व्हायचा त्याला जेवणखाण आणि पूजा ही कारणं होतीच, पण वारा फिरायची वाट बघणं हेही एक कारण होतं.

बायकांची बसायची बाजू वेगळी असे, गोणपाट आणि चटया घरून आणलेल्या. खाज्याच्या दुकानाचा गुळाचा आणि आल्याचा वास, मागे चहाची चूल. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत आम्ही तिथेच निजून उठायचो. मी मोठी झाल्यावर मला रात्री बाबांबरोबर जाणं बंद झालं. का, हे घरात कुणी बोललं नाही. मी आईबरोबर चटईवर बसायला लागले, आणि बत्ती मंद झाली की माझा हात आपोआप पंप शोधायचा.

मे महिना चाकरमान्यांचा. मुंबईहून बोट यायची. ‘रोहिदास’, ‘चंपावती’ ही नावं आम्हाला नातेवाईकांसारखी. बोट समुद्रात लांब उभी राही आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येत, ट्रंका, वळकट्या आणि नाटकाच्या नकला घेऊन. गिरणीत, पोस्टात, गोदीत काम करणारे हे लोक परळ-लालबागच्या खोल्यांत पाच-सहा महिने तालमी करून यायचे आणि वाडीच्या पूजेला नाटक उभं करायचे. माडाच्या झापांचा मांडव, भाड्याचे पडदे, त्यात राजवाड्याचा एक आणि जंगलाचा एक. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे शेवटच्या बोटीआधी नाटक व्हायलाच हवं. तारीख पंचांगात बघून ठरे, पण तिच्यामागे बोटीचं वेळापत्रक असे. कोकणातल्या गावच्या हौशी नाटकाची सगळी धांदल गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मध्ये पकडली. 1980 साली ते रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. लोक हसतात, हसावंच. मी ते पाहताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे दिवसभर ड्युटी करून रात्री द्रौपदीचं पाठांतर करणारा माणूस येतो. वर्षातून एका रात्रीसाठी तो हे करायचा, आपल्या वाडीच्या लोकांसमोर, फुकट.

मी आठवीत असताना वाडीत वीज आली. बाबांनी अकरापैकी सात बत्त्या विकल्या. ट्यूबलाइट आल्यावर उजेड सगळीकडे सारखा झाला, नट लांब लांब उभे राहू लागले. मग माईक आला आणि तो वरून टांगल्यामुळे सगळे पुन्हा त्याच्याखाली गोळा झाले. पूर्वी बत्तीखाली येत, आता माईकखाली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याच्या आधीच बोटी थांबल्या होत्या, शेवटच्या बोटीची घाईही संपली. आता मे महिन्यात निवडक कलाकारांचे संयुक्त दशावतार होतात, ट्रिकसीनचे होतात, धूर, रंगीत दिवे, हवेत जाणारा देव. मला त्यांचा राग नाही. नट तितकेच ताकदीचे आहेत, आणि गर्दी तर पूर्वीपेक्षा जास्त. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्यावर बंधन आणलं, त्यामुळे वाड्यांतले खेळ लवकर सुरू होऊन लवकर संपतात. कंपन्यांची त्यात ओढाताण होते. मला मात्र राहून राहून वाटतं की नियम कर्ण्याला आहे, गळ्याला नाही. वाळू सोडून वारा बघणारा एखादा नाईक अजून कुठे असेल, तर त्याने एकदा बिनमाईकचा खेळ लावून बघावा. मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

बाबा गेले तेव्हा घरात चार बत्त्या होत्या. त्यातली एक मी ठेवली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मोसम मधेच तुटला, मे महिन्याच्या सगळ्या सुपाऱ्या गेल्या. पुढच्या वर्षीही तेच, आणि त्यात 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड आडवे, विजेचे खांब आडवे, घरावरची कौलं उडालेली. तिसऱ्या रात्री मेणबत्त्या संपल्या तेव्हा मी माळ्यावरून बत्ती काढली. जुन्या डब्यात मेंटलचं एक पाकीट होतं. हाताला सवय राहिलेली नव्हती, दोन मेंटलं फोडली, तिसरं टिकलं. खळ्यात काठी बांधून बत्ती टांगली आणि हवा मारली. शेजारची मुलं धावत आली, त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे दशावतारी आले. आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेला माणूस, मोसम नाही म्हणून दोन वर्षं घरात बसलेला. तोंडावर रुमाल बांधलेला. खळ्याच्या कडेला लांब उभे राहून त्यांनी बत्तीकडे पाहिलं, मग खाली येऊन बरोबर तिच्यासमोर उभे राहिले आणि मान थोडी वर केली.

“वीतभर खाली टांग गो,” ते म्हणाले. “डोळ्यांत सावली पडता.”

मी काठीची गाठ सोडली.